सुट्टी मागायला शिकवणाऱ्या सुनंदा सिस्टर

फिनलंडहून परत आलेल्या बाईंबद्दल लिहितोय म्हटल्यावर तुम्ही मनातल्या मनात स्वेटर घातला असणार. आता बर्फ येणार, आकाशात हिरवे-निळे पडदे हलणार, शिंगवालं हरिण गाडी ओढत येणार. काढा तो स्वेटर. बर्फ बघायचाच असेल तर आमच्या डहाणूच्या बंदरावर या, मासळीसाठी लाद्या फोडतात, वास फुकट. मी सांगतोय त्यात आहे डहाणूच्याच मसोलीतली एक पत्र्याची खोली, आमच्या मोबाईल रिपेरिंगच्या दुकानाच्या बरोब्बर डोक्यावर. मे महिन्यात तिथे पंखा लावला तर तो पण घाम गाळायचा. त्या खोलीत बसून पोरापोरींना फिनलंडला जायची तयारी करून द्यायच्या आमच्या सुनंदा सिस्टर.

सिस्टर मूळच्या नरपडच्या. चिकूची वाडी, दारात दोन नारळ, धाकटा भाऊ हेमंतदादा, त्याची बायको नयनावहिनी. सिस्टरनी लग्न केलं नाही. डहाणूत एका दवाखान्यात बरीच वर्षं नर्स होत्या, आणि चाळिशी उलटल्यावर, जेव्हा लोक बीपीची गोळी सुरू करतात, तेव्हा ह्यांनी फिनलंडची भाषा सुरू केली. गेल्या. सात वर्षं राहिल्या. परत आल्या. परत का आल्या ते सांगतो, पण आधी त्यांचा ‘हो’ ऐका.

तिकडची माणसं म्हणे ‘हो’ म्हणताना श्वास आत ओढतात. सिस्टरना ती सवय लागून गेली होती. “ह्हो!” असा यायचा तो, जणू गरम वडा तोंडात टाकलाय आणि थुंकताही येत नाही. परत आल्यावर नयनावहिनीने तो ‘हो’ दोनचारदा ऐकला आणि सरळ अडुळशाचा काढा उकळायला ठेवला. तिला वाटलं तिकडच्या थंडीने दमा लागला. सिस्टर सांगतायत, अगं हा दमा नाही, ही पद्धत आहे. वहिनी म्हणते, “पद्धत असू दे, पण काढा घ्या.” आठवडाभर प्यायल्या बिचाऱ्या.

मला तर तो ‘हो’ म्हणजे लॉटरी. मी एसटी स्टँडवरच्या अनाउन्सरचा आवाज काढतो, तहसीलच्या शिपायाचा काढतो, हळदीला-गणपतीला लोक मला मुद्दाम बोलावतात. सिस्टरचा आवाज मला दोन दिवसांत बसला. बारीक, सरळ, प्रत्येक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा, आणि शेवटी तो उलटा ‘हो’. एकदा दुकानात गिऱ्हाइकांसमोर चालू होतो. सगळे हसायचे अचानक थांबले. मागे जिन्यावर सिस्टर.

मला वाटलं, आता गेलो. त्यांनी चष्मा वर केला.

“परत काढ.”

“नको ना सिस्टर.”

“काढ म्हणते ना.”

काढला. त्यांनी मान तिरकी करून सगळा ऐकला. मग म्हणाल्या, “बरा आहे. आता वर ये. मला क्लासमध्ये साहेब पाहिजे.”

अशी मला साहेबाची नोकरी लागली. पगार नाही, कॉफी मिळायची.

कॉफीचं पण सांगतो. सिस्टरची कॉफी म्हणजे चैन नाही, कायदा होता. सकाळी दहाला आणि दुपारी दोनला त्या हातातलं काम टाकून बसणार म्हणजे बसणार. समोर कलेक्टर असला तरी. “कामाच्या मध्ये बसायचं हे कामातच धरलेलं असतं,” म्हणायच्या. हे त्यांनी वाडीत पण चालू केलं. चिकू काढायला बायका यायच्या, सकाळपासून मान वर करून जाळीची काठी फिरवायच्या. आमच्याकडे मालकाने बस म्हटल्याशिवाय मजूर बसत नाही, आणि मालकाला ते कधी सुचत नाही. सिस्टरनी दहाच्या ठोक्याला सगळ्यांना चिंचेखाली बसवलं आणि स्वतः किटली घेऊन वाढायला लागल्या. बायका एकमेकींकडे बघतायत, कप हातात, कोणी पीत नाही. शेवटी त्यातली एक म्हणाली, “बाय, चा असती तर बसलो असतो.”

हेमंतदादा तणतणत आला. “ताई, माल चारच्या आत गाडीवर चढवायचाय. इथे फिनलंड चालू करू नको.”

“दहा मिनिटांत तुझा चिकू पिकत नाही, हेमंत.”

“चिकू नाही पिकत, माझं डोकं पिकतं.”

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी चहा केला. दादा आलाच नाही ओरडायला. पण जेवताना म्हणाला, “वाडी माझ्या नावावर आहे ताई.” एवढंच. सिस्टर म्हणाल्या, “ह्हो,” आणि ताट घेऊन मोरीकडे गेल्या. हे मला वहिनीने सांगितलं. तिला वाईट वाटलं होतं, पण बोलणार कोणाला?

सिस्टर राहायच्या चिकूच्या क्रेटांच्या खोलीच्या पाठीमागे. आधीची त्यांची खोली आता भाच्याच्या अभ्यासाची झालेली. क्रेटांमधून वाट काढत जायचं, आणि दाराला आतून कडी नव्हती. कोणीही यायचं, क्रेट ठेवायचं, “झोपलीस का ताई?” विचारायचं आणि जायचं. फिनलंडला त्यांचं छोटंसं घर होतं, एक खोली आणि एक खिडकी. दारावर त्यांचं नाव. ते सांगताना सिस्टर बोटाने हवेत पाटी लिहायच्या. “चावी फक्त माझ्याकडे. बेल वाजवल्याशिवाय कोणी आत नाही. पंकज, तुला कळायचं नाही. तू पुरुष आहेस.”

मी म्हणालो, “सिस्टर, आमच्या घरात पण माझ्या खोलीला दार नाही, पडदा आहे.”

“मग तुला कळेल.”

आता क्लास. क्लासमध्ये भाषा शिकवायच्या ती शिकवायच्याच, पण खरा विषय वेगळा होता. खरा विषय होता, सुट्टी मागणं आणि ‘एइ’ म्हणणं. एइ म्हणजे तिकडच्या भाषेत नाही. दोन अक्षरं, पण आमच्या पोरींच्या घशातून निघता निघत नव्हती.

मी साहेब. टेबलापलीकडे बसायचो, गळ्यात माझ्या बापाचा टाय. सिस्टरनी मला एकच गोष्ट पढवली होती. “प्रश्न विचार आणि गप्प बस. उत्तर आलं तरी गप्प. तिकडचा माणूस रागावलेला नसतो, विचार करत असतो. पण आपल्याला गप्प माणूस दिसला की भीती वाटते. मग आपण पदरचं एकेक टाकत सुटतो.”

तलासरीची सरिता आली पहिल्यांदा. नर्सिंग झालेली, तलासरीतच एका खाजगी दवाखान्यात कामाला. मी फक्त एवढंच विचारलं, “सुट्टीबद्दल काय?” आणि गप्प.

सरिता म्हणाली, “सर, मी सुट्टी घेणार नाही.”

मी गप्प.

“रविवारी पण येईन सर.”

गप्प.

“दिवाळीला पण. होळीला पण.”

होळीला? वारली पोरगी होळी सोडतेय म्हणजे आता हिच्याकडे द्यायला काही उरलं नाही, असं मला वाटलं. पण मी गप्पच.

“सर, मी आजारी पण पडणार नाही!”

मला हसू फुटलं. सिस्टर मागून म्हणाल्या, “झालं? अजून काही राहिलंय? एक किडनी आहे बघ जास्तीची.” मग तिच्या शेजारी येऊन बसल्या. “सरिता, तू सुट्टी घेतली नाहीस ना, तर तुझ्या बाजूच्या बाईची सुट्टी जाते. साहेब तिला म्हणणार, ही घेत नाही, तू कशाला घेतेस? मग ती युनियनकडे जाणार, आणि तिचंच बरोबर असणार. तुझी सुट्टी तुझ्या एकटीची नसते. आणि सर नाही म्हणायचं. नावाने हाक मारायची. मला पण सुनंदा म्हण.”

“सुनंदा…” सरिताने डोळे मिटले, “…सिस्टर.”

एकीलाही जमलं नाही शेवटपर्यंत. मला तर नाहीच.

मग सिस्टर आपल्या तारयाची गोष्ट सांगायच्या. तारया म्हणजे त्यांच्या तिकडच्या वृद्धाश्रमाची सुपरवायझर, उंच, पांढऱ्या भुवयांची. तिने नाताळात सिस्टरना डबल शिफ्ट लावली. “मी तिच्या खोलीत गेले. बसले. आणि तिच्या तोंडावर म्हटलं, एइ, तारया.” इथे सिस्टर एवढ्या ताठ व्हायच्या की त्यांची खुर्ची कुरकुरायची. पोरी टाळ्या वाजवायच्या. मीच म्हणायचो, सिस्टर, तारया होऊन जाऊ दे परत. सिनेमातला आवडता सीन असतो तसा होता आमचा तो.

सरिताचा बाप एकदा आला होता, पोरगी कुठे जातेय ते बघायला. पायरीवरच बसला, खुर्ची नको म्हणाला. त्याने सगळं ऐकलं, मग विचारलं, “बाय, पगारातून सरकार किती कापतो?”

सिस्टरनी सांगितलं. पुष्कळ.

“चोर हाय.”

“चोर नाही हो. त्याच्यातूनच सगळं चालतं. दवाखाना, शाळा, म्हाताऱ्यांची देखभाल.”

तो थोडा वेळ दाढी खाजवत राहिला. “मी गुजरातला कंपनीत व्हतो. बोट चेपला. दुसऱ्या दिवशी माझ्या जाग्यावर दुसरा मानूस. तिकडं बोट चेपला तर?”

“तर बरं होईपर्यंत घरी बसायचं. पगार चालू.”

“खोटा बोलते बाय.”

“खरं सांगते.”

तो सरिताकडे बघत राहिला. मग म्हणाला, “म्हंजे तिकडच्या म्हाताऱ्यांना बघायला माझी पोर जानार. नि आमाला बघायला कोन येनार? तिकडचे?”

सिस्टरनी श्वास आत ओढला, “ह्हो,” म्हणाल्या, आणि त्याच्यासाठी चहा आणायला मला खाली पाठवलं. दुपारचे दोनही वाजले नव्हते.

परत का आल्या, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, त्या दिवशी, सगळे गेल्यावर. तिकडच्या सरकारने खर्च कमी करायचा ठरवला आणि त्यांचा वृद्धाश्रम बंद झाला. म्हाताऱ्यांना दुसऱ्या गावांत वाटून टाकलं, सिस्टर आणि बाकीच्या बायका बेकार. सिस्टरनी बेकारीच्या फंडाची वर्गणी भरलेली, त्यामुळे बेकारीचा भत्ता सुरू झाला, वेळेवर, मान राखून. पण राहायचा परवाना नोकरीला बांधलेला. ठराविक महिन्यांत दुसरी नोकरी नाही मिळाली तर चालू पडा. आणि कायमच्या परवान्याचे कागद तेव्हाच चाललेले. गोऱ्या मैत्रिणी भत्ता घेऊन शांतपणे काम शोधत बसल्या. सिस्टरना घाई. म्हणाल्या, “पंकज, जेवायला छान वाढलं होतं रे. फक्त खुर्ची काढून घेतली.”

त्यांना वाईट बोलता यायचं नाही त्या देशाबद्दल. आणि चांगलंही पूर्ण बोलता यायचं नाही. असंच अर्ध्यात राहायचं ते.

ह्यानंतर चारेक महिन्यांनी त्यांचाच इंटरव्ह्यू आला. कुठल्याशा छोट्या गावात वृद्धाश्रम, माणसं पाहिजेत, भाषा येणारी असेल तर बरं. सिस्टर पन्नाशीला टेकलेल्या. म्हणाल्या, “हे नाही झालं तर पुढे कोणी विचारणार नाही. मग क्रेटं आणि मी.” घरी कुकरच्या शिट्ट्या आणि कोणीही आत येणार, म्हणून इंटरव्ह्यू क्लासमध्येच द्यायचं ठरलं. दुपारी. मी दुकानाचं वायफाय लावलं, आणि बरोबर त्याच वेळी लाईट गेली. माझ्या फोनचा हॉटस्पॉट दिला, तर चित्र अडकायला लागलं. समोरचा माणूस, एस्को त्याचं नाव, म्हणाला कॅमेरा बंद करा, नुसतं बोलू. सरिता खिडकीत बसलेली, मी फोन धरून सिस्टरच्या शेजारी.

सुरुवात झकास झाली. सिस्टर काय बोलतायत ते मला अर्धंमुर्धं कळत होतं, क्लासमधून कानावर पडलेलं. मग एस्कोने विचारलं, पाळ्यांबद्दल आणि सुट्टीबद्दल तुमचं काय म्हणणं. सिस्टरनी सांगितलं, नियमाप्रमाणे. बरोबर.

आणि एस्को गप्प बसला.

मी घड्याळ बघितलं नाही, पण बाहेर एक रिक्षा आली, थांबली, माणूस उतरला, सुट्ट्या पैशांवरून वाद झाला, रिक्षा गेली. एस्को गप्प.

सिस्टरच्या कपाळावर घाम आला. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाल्या, “मला रात्रपाळी चालेल.”

गप्प.

“सलग रात्रपाळ्या पण चालतील. माझं तिथे कुटुंब नाही, त्यामुळे नाताळला मी येऊ शकते.”

खिडकीत सरिताचं तोंड उघडं पडलं.

“सुट्टीची मला तशी गरज नसते,” आमच्या सुनंदा सिस्टर म्हणाल्या. आवाज एवढासा झालेला. वाडीत दादासमोर होतो तेवढा. “उन्हाळ्यात पण नसते.”

मला काय झालं माहीत नाही. मी फोन तोंडाजवळ ओढला आणि सिस्टरच्या आवाजात बोललो. क्लासमधल्या सिस्टरच्या आवाजात, खुर्ची कुरकुरायची त्या. तिकडच्या भाषेतली वाक्यं तर पाठच होती, पोरींना रोज घोकायला लावायच्या तीच. “एइ. माफ करा, मी चुकीचं बोलले. सुट्टी मला लागेल. जुलैमध्ये, चार आठवडे. आणि सलग रात्रपाळ्या मी करणार नाही.” आणि शेवटी, राहवलं नाही म्हणून, एक उलटा “ह्हो!”

सिस्टरनी माझं मनगट असं धरलं की अजून आठवलं तरी दुखतं. एस्को गप्प. परत गप्प. सरिता भिंतीवरच्या गणपतीकडे बघायला लागली.

मग पलीकडून आवाज आला, “ह्हो.”

तसाच. आत ओढलेला. आणि तो माणूस बोलायला लागला, पहिल्यांदाच भरभरून. सिस्टरनी नंतर सरिताला सांगितलं ते असं की, पहिल्या वर्षी चार आठवडे जमा होणार नाहीत, पण जेवढी सुट्टी होईल तेवढी जुलैतच देऊ. आधीची एक बाई, अशीच लांबून आलेली, ‘मला सुट्टी नको’ म्हणाली होती. आम्ही खूश झालो. हिवाळा संपायच्या आत ती अंथरुणाला खिळली, आणि तिच्या पाळ्या करून करून बाकीच्या पण दमल्या. तेव्हापासून मला त्या वाक्याची भीती वाटते, असं एस्को म्हणाला.

सिस्टरनी माझ्या हातातून फोन घेतला. मला वाटलं आता ठेवणार. पण त्या उठून उभ्या राहिल्या, आणि स्वतःच्या तोंडाने म्हणाल्या, “अजून एक आहे, एस्को. राहायची जागा मला वाटून नको. वेगळी पाहिजे. चावी माझ्याकडे.”

हे आमच्या क्लासमध्ये कधी शिकवलेलं नव्हतं.

नोकरी झाली. जाईपर्यंतच्या सगळ्या आठवड्यांत सिस्टर माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. क्लासला यायच्या, मला साहेबाच्या खुर्चीत बसायला लावायच्या, बोटाने. कॉफी द्यायच्या, तीही बोटाने. मी त्यांच्यासमोर अनाउन्सर केला, शिपाई केला, एकदा तर एस्को पण केला. काही नाही. आता वरची खोली रविवारी सरिता उघडते, स्वतःचा नंबर लागेपर्यंत. तिथे अजून पंखा घाम गाळतो, आणि पोरी अजून दिवाळी सोडायला तयार असतात. मी जातो कधी साहेब व्हायला. गप्प बसतो. तेव्हा मागून कोणी किडनीचं बोलत नाही, ते फार जाणवतं.

त्या गेल्या त्या सकाळी मी नरपडला गेलो होतो. गाडी दारात. वहिनीने चिकूच्या चिप्सच्या पिशव्या एवढ्या भरलेल्या की बॅगेवर हेमंतदादाला बसावं लागलं. दादा रडला. खरंच रडला, बॅगेवर बसून. “ताई, खोली रिकामी करून देतो, राहा,” म्हणाला. सिस्टरनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “भाच्याचा अभ्यास होऊ दे.” मग गाडीत बसल्या, जांभळी साडी, वर तो तिकडचा राखाडी कोट, मे महिन्यात. मी फाटकाच्या बाजूला उभा होतो, न दिसेन असा. गाडी निघाली, फाटकाशी आली आणि थांबली. काच खाली.

“पंकज. इकडे ये.”

गेलो.

“माझा आवाज काढलास.”

“हो सिस्टर.”

“माझा नव्हता तो. गाढवा, सात वर्षांत मी तिथे एकदाही कोणाला ‘नाही’ म्हटलेलं नाही. डबल शिफ्ट लावली, केली. नाताळला बोलावलं, गेले. तारयाच्या खोलीत मी कधी बसले पण नाही, उभ्यानेच ह्हो ह्हो करून यायचे. तुम्हाला सांगायचे ते सगळं भांडी घासताना मनातल्या मनात बोललेलं होतं. तू जिचा आवाज काढलास ती बाई तिथे कधी नव्हतीच. आणि त्या माणसाने नोकरीवर घेतलंय तिला! मला नाही, तिला! आता ह्या वयात रोज सकाळी उठून मी ती व्हायचं, तुझ्या एका चावटपणापायी. दात काढू नकोस. निर्लज्ज कुठला. दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालतोस, तर पुढचं पण बघायचं असतं. जुलैत सुट्टी घेऊन दिलीस, शहाण्या. सुट्टीत माणसं करतात काय, ते कोण विचारणार होतं त्याला?”